तोललेलं ताट

परदेशात चार वर्षं मी आहारशास्त्र शिकले, आणि तिथले लोक मला आमचंच जेवण समजावून सांगत. ज्यांनी जन्मात पेज पाहिली नाही, ते पेजेत किती सत्त्व असतं ते फळ्यावर लिहीत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझं डोकं फिरायचं. म्हणून मायदेशी परतून काम करणाऱ्यांना तिथलीच एक संस्था पैसे देते असं कळलं, तेव्हा त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहायला बसले. प्रश्न माझ्या डोक्यात कधीपासूनचा होता. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, ताजी मासळी बंद झाली, की किनाऱ्यावरच्या घरांत बाईच्या ताटात काय पडतं?

पैसे मिळाले, पण एका वर्षाचे. त्या वर्षाचं काम संस्थेच्या समितीला पटलं तर दुसरं वर्ष, नाही तर चंबूगबाळं आवरून पुन्हा परदेशात किंवा मुंबईत. ही साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. गावात राहून असलं काम करायची दुसरी काही सोय तेव्हा नव्हती, आणि मला आमच्या आचऱ्यातच राहायचं होतं.

वीस घरं हवी होती. एकोणीस मिळाली, म्हणून विसावं आमचंच धरलं. आमच्या घरात मी आणि आई, आणि वरच्या आळीतले माझे दोन काका जेवायला येत. तराजू, पितळी वजनं आणि रकाने आखलेली वही घेऊन मी जेवणाच्या वेळेला घरोघरी जायची. वाढलेलं ताट तोलायचं, रिकाम्या ताटाचं वजन वजा करायचं, लिहायचं. पुरुष आधी जेवत, मग मुलं. बाया सगळ्यांत शेवटी. तोवर मी खोळंबू नये म्हणून त्या आपलं ताटही तेव्हाच वाढून पुढे करत. "माझां पण आताच तोल गो, तू कित्याक थांबतलंस?" मला ते सोयीचंच वाटलं. पुढच्या घरी पळता यायचं.

आकडे मात्र अजब येत होते. बाईच्या ताटात भात पुरुषाएवढा, सुक्या बांगड्याची फोडही तेवढीच. पुस्तकं तर उलटं सांगत होती. मी हरखले. किनाऱ्यावरच्या बाया मासळी विकतात, पैसा त्यांच्या हातात असतो, म्हणून वाटाही बरोबरीचा असेल, असा एक सिद्धांतसुद्धा मी रचून टाकला. पण त्याच बायांची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत पांढरीफटक. एवढं खाऊन रक्त जातं कुठे? हा प्रश्न मला जेवू देईना.

एकदा शेजारच्या काकीकडे माझं छोटं वजन राहिलं. अर्ध्या वाटेवरून परत गेले. काकी चुलीपाशी बसली होती. मी नुकतंच तोललेलं ताट रिकामं होतं, भात परत टोपात गेला होता, बांगडा कालवणात. काकी पेज पीत होती आणि तोंडी लावायला मिठातल्या आंब्याची फोड.

"ह्यां काय गो काकी?"

ती जराही गडबडली नाही. "बस. पेज पितलंस वायचशी?"

"रोज असांच करतंस?"

"तुझां काम तपासूक मोठे लोक बसले हत ना? शाळा तपासूक दिपोटी सायेब येता तेव्हा मास्तर हुशार पोरां फुडे बसयता. तसांच ह्यां. आमच्या घरातली बाई पेजेर जगता, ह्यां परदेशात कित्याक धाडूचां? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सगळ्या घरांत असांच?"

"सगळ्या. तुझ्या आवशीनच सांगल्यान."

माझी आई. विसाव्या घरातली बाई. तिचं ताट मी स्वतः तोलत होते आणि तोलून झालं की वही घेऊन बाहेर पडत होते. ती काय जेवते ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणजे किती असावा!

संतापून घरी आले. "वर्षभर माझ्याकडसून खोटां लिवन घेतलंस," म्हटलं.

आई चुलीकडे बघत म्हणाली, "आकडे बरे दिसले तर तुका हयच ठेवतले, असां माका वाटलां. वायट दिसले तर म्हणतले, हिका काम जमणा नाय. परत धाडतले."

माझा राग गेला नाही, पण तो काढायचा कोणावर ते कळेना. मी तिला समजावलं की समितीला गाव गुटगुटीत दिसायला नको होता, जे आहे ते हवं होतं. आता खरं लिहिलं तर वर्ष फुकट जाणार, आणि मला जावं लागणार.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आमी खोटां केलां," म्हणाली. "तू खोटां धाडू नको. खरां ता लिव."

मी लिहिलं. बायांचा सगळा रकाना खोटा आहे, तो का खोटा आहे, आणि मला आणखी एक वर्ष द्या, आता मी त्यांच्यासोबत शेवटी जेवायला बसेन. वर्षभरात मला सापडलेली खरी गोष्ट तीच होती, असं मला वाटत होतं, आजही वाटतं. समितीचं उत्तर आलं, फार सभ्य भाषेत. पहिल्या वर्षाचे आकडे धरता येत नाहीत, सबब दुसऱ्या वर्षाचे पैसे देता येत नाहीत. मी मुंबईच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी धरली.

निघायच्या दिवशी फोंडाघाटावरून कोल्हापूरला जाणारी एस.टी. गाठायची होती, तिथून पुढे मुंबईची आगगाडी. सामान बांधून झालं होतं. काका जेवून उठले. आईने माझं ताट वाढलं, आणि त्याच्या शेजारी स्वतःचं.

"तराजू खंय आसा? काढ."

"आता कित्याक?"

"माझां ताट तोल."

मी गाठ सोडून तराजू काढला. भात होता, कालवण होतं, बांगड्याची मधली फोड होती. तोललं. मग ती माझ्यासमोर बसून जेवली, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. मी तिला असं जेवताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"संपलां," ती म्हणाली. "लिव आता."

वही ट्रंकेत तळाशी गेली होती. समितीचं पत्र तेवढं हाताशी होतं. त्याच्या पाठीवर लिहिलं.