प्रमोददादाच्या गंगा-जमना

मिरकरवाड्याच्या उतारावर प्रमोददादाचा फोटो स्टुडिओ आहे. माणूस जेवढा देवभोळा तेवढाच यंत्रभोळा. शेजारधर्म म्हणून त्याचा फोटो साठवायचा लिनक्स सर्व्हर मी लावून दिला. आत दोन डिस्क. एकीवर जे उतरतं, तेच दुसरीवर. एक मेली तर दुसरी काम चालवते, तोवर नवी आणायची.

"म्हणजे जुळ्या बहिणी!" दादाने लगेच बारसं केलं. गंगा आणि जमना.

दसऱ्याला दादा कॅमेऱ्यांपासून ट्रायपॉडपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावतो. यंदा म्हटलं, पोरींना का वगळा? चालू सर्व्हरमधून गंगा काढली, पाटावर ठेवली, ओवाळली, परत बसवली. सर्व्हर मजेत चालू. मग जमना रुसेल म्हणून लगेच तिलाही काढली.

आता परत बसवलेली डिस्क दुसरीवरचं सगळं नव्याने उतरवून घेते, त्याला काही तास लागतात. गंगेची आत्ता कुठे सुरुवात झाली होती. सर्व्हर आडवा.

दादाचा फोन आला. "केतन, देव पूजेला पावला नाय वाटतं. ये लवकर."

मी पोचलो तर दारात यमुनाबाई. मासळीबाजारात त्यांच्या आवाजाने गिऱ्हाईक भाव करायचं विसरतं. मे महिन्यातल्या त्यांच्या मुलाच्या, शिवाच्या लग्नाचे फोटो दादाने दसऱ्याला द्यायचे कबूल केलेले. ते सगळे सर्व्हरवर. कॅमेऱ्यातली कार्डं कधीच पुसलेली.

"फोटो गेले तर मेल्या, शिवाचं लगीन परत लावीन," यमुनाबाई म्हणाल्या, "नि सगळ्या वाड्याला जेवण तू घालायचंस!"

"मावशी, सूनबाई परत तयार होतील काय?" दादाने बारीक आवाजात विचारलं.

"ती होईल. शिवाचं सांगता येत नाय."

पाटावरच्या जमनेच्या कपाळी कुंकू, खाचेत अक्षता. फुंकून, पुसून तीच तेवढी बसवली, अर्धवट उतरलेल्या गंगेला काढून लांब ठेवलं आणि सर्व्हरला एकीवरच उठायचा हुकूम सोडला. दादाने डोळे मिटून घेतले. पडद्यावर फाइलींच्या नावांची रांग उमटली आणि मी पहिला फोटो उघडला: मांडवात यमुनाबाई, तोंडात अख्खी जिलेबी.

बाईंनी दाराकडे एकदा बघून घेतलं.

"केतन बाळा," त्या हळूच म्हणाल्या, "एवढा एक फोटो दोन्हीवरनं घालवता येतो काय रे?"