रायफल बदलून आली, पण यांचा हात

मंडळी, हे आणि मी आत्ताच इथल्या, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या शूटिंग रेंजवरून घरी आलोय. कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय.

पॅरालिसिसच्या अटॅकनंतर यांची हॉस्पिटलची नोकरी सुटली, शूटिंग मात्र सुटलं नव्हतं. रायफल टेकूवर ठेवायची आणि फक्त ट्रिगर दाबायचा. पुढची गोळी आपोआप भरली जायची. नव्या कायद्याने तशा रायफलींवर बंदी आली, म्हणून यांनी बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथकडून तिची रचना बदलून घेतली. आता प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे पुढची गोळी भरायचा दांडा, हाताने मागे ओढावा लागतो.

आज पहिली गोळी नेमकी मध्यावर लागली. मग यांनी बोल्टला हात घातला. बोटं हँडलवर टेकली, पण तो काही मागे येईना.

क्लबचे सेक्रेटरी हळूच म्हणाले, "टेक युअर टाइम, डॉक्टर."

मी विचारलं, "अहो, मी ओढू का?"

"नको गं. मग ते माझं शूटिंग राहणार नाही."

डाव्या हाताने ओढायला गेले, तर रायफलच टेकूवरून घसरली. "चल, घरी जाऊ," एवढंच म्हणाले.

झटपट गोळ्या सुटणारी बंदूक चुकीच्या हाती पडू नये म्हणून कायदा आला, हे आम्हा दोघांनाही पटतं. मग रागवायचं तरी कुणावर?

हे मागे बागेत बसलेत. नेऊन दिलेला चहा तसाच आहे. अशा वेळी तुम्ही आपल्या माणसाशी काय बोलता?