नववा बार

शांतलिंग भिंतीला पाठ लावूनच जेवायचा. दिवाळीत फटाके वाजतात म्हणून चार दिवस रानात जाऊन राहायचा. ढग गडगडले की त्याच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटत. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ द्यायचा. आई वारली त्या दिवशी तो रडला नाही. आलेल्या माणसांसाठी चहाचं आधण ठेवत राहिला.

त्याची बायको उमाबाई हे आठ वर्षं बघत होती. विचारत नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात तो विहिरींना सुरुंग लावायचा. जोडीदार ज्ञानोबा. खडकाला भोकं पाडायची, दारू भरायची, वाती पेटवून वर यायचं आणि बांधाआड बसून बार मोजायचे. जितक्या वाती तितके बार. एक जरी कमी भरला तर त्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाही. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात लोहाऱ्याजवळ ज्ञानोबा विहिरीत उतरला आणि राहिलेला बार उडाला. गाव म्हणालं, नशीब. शांतलिंगानं ते काम सोडलं. पुढं गावात दूध सोसायटी निघाली, तिथं कॅन धुवायला लागला.

एक्क्याऐंशी साली एका सकाळी कॅनचं झाकण फरशीवर पडलं. शांतलिंगानं शेजारच्या सेक्रेटरीला, हणमंतप्पाला, खाली ओढलं आणि त्याच्या अंगावर आडवा पडला.

"दुधाला बी वात लावली व्हय कुनी?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

हणमंतप्पा संध्याकाळी घरी आला. "वैनी, माझा मेव्हना मिल्ट्रीतनं आल्यावर असंच करायचा. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर हाय. गुन आला त्याला."

"येड्यांचा डॉक्टर?"

"व्हय, लोक तसंच म्हन्त्यात. म्हनू द्या की."

सोलापूरचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी झोपेचं विचारलं, मग जेवणाचं. मग म्हणाले, "आवाज झाला की काय करता?"

"मोजतो."

"किती भरतात?"

शांतलिंगानं एकेक बोट मिटत मोजलं. "आठ."

उमाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

"वाती नऊ व्हत्या. म्या नऊ मोजले. म्याच म्हन्लं, उतर. नववा आमचा नव्हता. शेजारच्या रानात बी हीर चालली व्हती, तितला व्हता." एसटीची वेळ सांगावी तसं त्यानं सांगितलं.

उमाबाईला काहीच वाटलं नाही. ती समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली.

"तुम्ही वेडे नाही," डॉक्टर म्हणाले. "एवढा मोठा धक्का बसला की मन तिथंच अडकून पडतं. सैनिकांचं होतं, अपघातातून वाचलेल्यांचं होतं. हा आजार आहे. औषध देतो, झोप लागेल. पण पंधरा दिवसांनी या आणि तो दिवस पुन्हा सांगा. सकाळपासून."

"परत?"

"पुष्कळ वेळा. आत्ता तो दिवस रोज तुमच्या पुढं उभा राहतो. सांगून सांगून तो मागं पडेल."

एसटीत शांतलिंग खिडकीकडं बघत म्हणाला, "मुक्ताबाईला सांगशील?" मुक्ताबाई म्हणजे ज्ञानोबाची बायको. तीन घरं सोडून राहायची.

"न्हाय. ते तुमचं तुमी बगा."

"म्या न्हाय येनार पुन्यांदा."

उमाबाईनं दवाखान्याचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. तो गेला नाही तर ती विहीर घरातच राहणार होती. आता उमाबाईही तिच्या काठावर होती.

तो गोळ्या घेत राहिला. एकदा उजाडेपर्यंत झोपला. उमाबाई त्याच्या छातीकडं बघत बसली होती.

पंधराव्या दिवशी सकाळी तो अंगणात बाज विणायला बसला. सुंभ ओला करून घेतला होता. उमाबाईनं दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि उंबऱ्याजवळ ठेवल्या. चला म्हणाली नाही. तो एक वेढा घालायचा, ताणायचा, दुसरा घालायचा. निम्मी बाज झाली.

फाट्यावर सोलापूरच्या गाडीचा हॉर्न वाजला.

शांतलिंगाचा हात थांबला. तो उठला, हात धोतराला पुसले.

"दवाखान्याचा कागद घेतला का?" त्यानं विचारलं.

"घेतला."

दोघं फाट्याकडं निघाले. निम्म्या बाजेवरून सुंभाचं टोक खाली लोंबत होतं.