बाबांनी घालवलेला आवाज

आज गिटारच्या दोन अ‍ॅम्पच्या मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर जोडला आणि त्यांचा घूंऽऽ आवाज एकदम थांबला. त्या शांततेत अंबरनाथ पूर्वेचं आमचं जुनं घर आठवलं. तिथेही दोन्ही अ‍ॅम्प एकत्र लावले की असाच आवाज यायचा.

"एका प्लगची अर्थिंगची पिनच तोडून टाकतो, म्हणजे आवाज जाईल," एकदा मी वैतागून म्हणालो.

बाबा कारखान्यात इलेक्ट्रिशियन. "अर्थिंगला हात लावायचा नाही," म्हणत त्यांनी घामाघूम होऊन दोन्ही प्लग एकाच बोर्डावर आणले. मग स्पीकरला कान लावला आणि हसले.

"गेला बघ आवाज!"

आवाज तसाच होता. मशिनींनी त्यांचे कान कधी नेले, आम्हाला कळलंच नव्हतं.

"गेला, बाबा," म्हणालो, आणि त्या घूंऽऽमध्येच वाजवत राहिलो.