विमान बंद, तोडा चालू

उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरून मी उतरलो तेव्हा डोक्यावर एक पाटी, तिच्यात दोन पातेली आन कोयता. मागं बायको यमुना, तिच्या कडेवर मुलगी. चैत महिना होता आन पाड्याची विहीर आटली होती, दरसाल आटायची तशी. बा अंगणात दगडावर बसलेला. तो उठला नाय. एवढंच बोलला, "झाडाला रोज हात लावत ऱ्हा. हात सुटला का झाड सुटतं."

धाकटा भाऊ काळू तर घरातनं भाईरच आला नाय. त्याचं म्हणणं, मी म्हाताऱ्याला टाकून पाण्याच्या मागं पळालो. बा गेल्यावर आमचं बोलणंच तुटलं, त्याला आता वीसेक वर्षं झाली.

हे मी पाड्यावर राहिलेल्यांना लिहितोय, आन माझ्यासारखे जे खाली उतरले त्यांना पण. शाळा तिसरीपर्यंत झाली आहे. हसायचं तर हसा, पण वाचा.

सापगावला भातसा नदीकाठी अर्धेलीनं जमीन धरली, निम्मं पीक मालकाचं, निम्मं आमचं. भात निघालं की भेंडी. मग एक्स्पोर्टवाला शेठ आला. त्यानं शिकवलं, बोटाएवढीच तोडायची, देठ ठेवायचा, खोक्यात आडवी लावायची. आज आमच्या वावरात, उद्या अरबांच्या ताटात. यमुना म्हणायची, "आपुन विमानात बसलो नाय, आपली भेंडी बसून आली." एकदा एका खोक्यात अळी निघाली, तर तिकडच्यांनी गाडीभर माल फेकून दिला. तेव्हापासून फवारणीची वही, हातमोजे, कागद. मी सगळं पाळलं. नियमाला मी भीत नाय.

यंदा समुद्रापलीकडं लढाई पेटली आन विमानं बंद झाली. मी कुणाला दगड मारला नव्हता, तरी मार मलाच. शेठच्या माणसानं फोनवर सांगितलं, तोडू नका, गाडी येणार नाय. सगळ्यांचाच माल शहापूरच्या बाजारात आला, गिऱ्हाईक वळून बघेना. शेजाऱ्यांनी तोडा थांबवला. म्हणाले, मजुरी तरी वाचेल.

पण भेंडी तोडली तरच फुलते. चार दिवस हात लावला नाय तर शेंगा जून होतात, आन झाड फूल धरायचं सोडतं. मग विमान उडालं काय, नाय काय. जमीनमालकानं आधीच सांगितलं होतं, वावर पडलं तर दुसऱ्याला देईन. आन हे वावर गेलं तर आमी जायचं कुठं? परत वर? कुठल्या तोंडानं?

म्हणून मी आन यमुना रोज सकाळी तोडत राहिलो. शेजारी बांधावरून म्हणाला, "बाबा, विमान काय तुमच्या वावरात उतरणार हाय का?" म्हणालो, "उतरलं तर पयला तुला बसवून देतो. कटकट तरी जाईल."

पण तोडलेल्या भेंडीचं करायचं काय? आठव्या दिवशी यमुना म्हणाली, वर न्या, पाड्यावर या दिवसांत हिरवं काय नसतं. मी म्हणालो, काळूच्या दारात पाय ठेवणार नाय. ती वाद घालत बसली नाय. सरळ शेजाऱ्याच्या टेम्पोत खोकी चढवायला लागली.

काळू अंगणातच होता, त्याच दगडावर. माझ्याएवढाच म्हातारा झालाय. खोकी बघून म्हणाला, "विमानानं टाकलं तेव्हा भाऊ आठवला होय रे?"

खरं होतं. मी एक खोकं उतरवून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं एक भेंडी उचलली. कटकन मोडली.

"कोवळी हाय. रोज तोडतोस?"

"रोज."

"घेणारा नसताना?"

"बा काय बोलला ते तुला ठाऊक हाय. तू दाराआड होतास, पण ऐकलं असशील."

तो आत गेला आन पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्या पाड्यावर वैशाखात तांब्याभर पाणी म्हणजे काय, हे तुमाला सांगायला नको.

निघताना त्यानं शेळ्यांच्या लेंडीखताची चार पोती टेम्पोत टाकली. फुकट खायची सवय त्याला नाय, मला पण नाय. मग दर मंगळवारी तेच. भेंडी वर, खत खाली. पाड्यावरच्या बायांनी भेंडी चिरून खडकावर वाळवली, पावसाळ्यासाठी.

महिनाभरानं विमानं सुरू झाली. शेठची गाडी सकाळीच बांधाला लागली. आजूबाजूच्या वावरांत जून शेंगा वाळलेल्या, माझ्या वावरात पिवळं फूल. शेठचा माणूस भरलेली खोकी उचलायला वाकला. पण दिवस मंगळवार होता.

म्हणालो, "ठेव खाली. हा तोडा वरच्या पाड्याचा हाय. तुमचा उद्या."

"काका, तिकडं विमान थांबलंय."

"थांबू दे. मी महिनाभर थांबलो."

यमुनानं टेम्पोवाल्याला हाक मारली.

गाव कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी अडखळायचो. आता सांगतो, सकाळी सापगाव, मंगळवारी उंबरमाळी. विमान उडो न उडो.