गल्ली सोडायची ठरली तेव्हा

जिचा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला, त्या बाईला गर्दीचं कौतुक कोणी सांगू नये. सकाळी यवतमाळहून निघायचं, आर्णी, महागाव करत उमरखेड गाठायचं आणि त्याच वाटेनं संध्याकाळी परत. जाताना गाडी खच्चून, येताना त्याहून खच्चून. "पुढं सरका ना भाऊ, पुढं काय वाघ बसला का?" असं ओरडून ओरडून माझा घसा बसला तो बसलाच. कापसाची ती वाईट वर्षं सुरू झाली तशी गाडीतली माणसं मात्र गप्प होत गेली. पूर्वी महागावला चढलेला माणूस उतरेपर्यंत कोणाशी तरी भांडायचा, हसायचा, बाजारात काय काय घेतलं ते दाखवायचा. आता रिकाम्या पिशव्यांची घडी मांडीवर ठेवून सगळे बाहेर बघत बसायचे. बोलत्या गर्दीपेक्षा मुक्या गर्दीनं माणूस जास्त थकतो. हे मला कोणी सांगितलेलं नाही, मी भोगलेलं आहे.

आणि असं थकून यायचं कुठं, तर बाजारामागच्या गल्लीत. नवऱ्याचं घर सोडून मी बोरी अरबला मायजवळ राहत होते. यवतमाळ डेपोला बदली झाली तेव्हा मायला घेऊन इथं खोली केली. डेपो पायी दहा मिनिटांवर, दवाखाना जवळ, किराणा दाराशी. कागदावर सगळं झकास. गल्ली मुळात कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या कामगारांची. जिनिंग बंद पडली, कामगार म्हातारे झाले, आणि शेतीत भागेना म्हणून खेडी सोडलेली कुटुंबं एकेका खोलीत येऊन भरत गेली. कोणी हमाली करायचं, कोणी भाजीची गाडी लावायचं. बाया हंगामात टेम्पोत बसून कापूस वेचायला जायच्या. वाट इतकी अरुंद की समोरून दोन बादल्या घेऊन बाई आली तर आपण कोणाच्या तरी उंबरठ्यावर चढायचं. चढलं की त्या घरात काय शिजतंय ते दिसायचं, आणि दिसलं की त्यावर बोलावं लागायचं.

मला बोलायचंच नसायचं. दिवसभर तोंड चालवून आलेल्या बाईला घरी दोन तास कोणी काही विचारू नये, एवढीच माझी अपेक्षा. पण नाही. "आज उशीर झाला वं?" "डब्यात वांगं नेलतं का?" "पाय काहून सुजले?" नवऱ्यानं मला सोडलं की मी नवऱ्याला, याचा निकाल तर नळावर माझ्या गैरहजेरीतच लागला होता, आणि तोही माझ्याविरुद्ध. सुट्टीच्या दिवशी झोपावं म्हटलं तर पलीकडच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी. तिची घरघर थांबली की कोणाचं तरी भांडण, भांडण मिटलं की कोणाच्या तरी बारशाचा भोंगा. मी उशी कानावर दाबून पडायची आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालायची. खोटं कायले सांगू?

माय मात्र तिथं रुळली होती. तिला साखरेचा आजार, सकाळी सुई घ्यावी लागायची. आमच्याकडे फ्रिज नव्हता, म्हणून औषधाची बाटली समोरच्या घरच्या फ्रिजात असायची. ते घर एका म्हाताऱ्या जिनिंग कामगाराचं. तो, त्याचा मुलगा आणि सून. माय रोज आठला समोर जायची, सून बाटली काढून द्यायची, माय घरी येऊन आपल्या हातानं सुई टोचायची, अर्ध्या तासात स्टोव्हवर भाकर टाकून खायची. खाणं चुकलं तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. मी मायला दहादा. माझी गाडी सातला सुटायची, तेव्हा हे सगळं माझ्या माघारी व्हायचं.

दीड वर्ष काढलं आणि मला ते घर सापडलं. आमच्या एका ड्रायव्हरच्या साल्याचं, दारव्हा रोडला नव्या ले-आउटात. दोन खोल्या, स्वतःचा नळ, स्वैपाकघराच्या खिडकीतून थेट वावर दिसायचं. आजूबाजूला नुसत्या प्लॉटांच्या खुणा, आणि दोन प्लॉट सोडून एका निवृत्त गुरुजींचं घर. मी त्या घराच्या पायरीवर अर्धा तास बसले. अर्ध्या तासात मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. बाप्पा, काय सुख होतं ते! मी तिथंच शब्द देऊन टाकला, पहिल्या तारखेला येते म्हणून.

मायला सांगितलं, आपण स्वतःचा फ्रिज घेऊ. गुरुजींच्या घरचे येता-जाता पाहतील. ती तांदूळ निवडत होती. "तुले पटते तर चाल," म्हणाली. तिला पटलेलं नव्हतं, ते मला कळलं. कळलं तरी मी सामान बांधायला काढलं. थकलेलं माणूस फार आपमतलबी होतं.

पहिल्या तारखेला आठ दिवस उरले होते. त्या संध्याकाळी गाडी स्टँडात लागली तर फलाटावर आमच्या गल्लीतला भाजीवाला उभा. "ताई, घाबरू नका, म्हातारी बरी हाये," असं तो म्हणाला, आणि हातातली तिकिटाची पेटी ड्रायव्हरकडे टाकून मी धावत सुटले. मागून येता येता त्यानं थोडं सांगितलं. बाकीचं घरी गेल्यावर बायांनी सांगितलं, तिघी-चौघी एकदम बोलत होत्या.

झालं ते असं. त्या सकाळी आठला मायनं समोरून बाटली आणली आणि सुई टोचून घेतली. ती पीठ मळायला बसली आणि समोर आरडाओरड झाली. सुनेचा सासरा खाटेवरच गेला होता. आता आमच्याकडे दारासमोर मयत असताना चूल पेटत नाही. मयत उचललं जात नाही तोवर आसपासच्या घरांतून धूर निघत नाही, कोणी घास तोंडात घालत नाही. ते कोणी सांगावं लागत नाही, लेकराबाळांनाही ठाऊक असतं. मायनं पिठावर ताट झाकलं आणि स्टोव्ह कोपऱ्यात सारला. सुई पोटात गेलेली आहे, हे तिला माहीत होतं. "म्हटलं, घंट्याभरात नेतीन," हे तिनं मला नंतर सांगितलं. पण म्हाताऱ्याची लेक परगावाहून यायची होती. तिच्यासाठी मयत थांबलं. नऊ वाजले, दहा वाजले, माय एक पेला पाणी पिऊन खाटेवर टेकली.

पलीकडे सून सासऱ्याच्या उशाशी बसलेली. गल्लीतल्या सगळ्या बाया भोवती. रडता रडता तिनं मान वर केली आणि एकेकीकडे पाहिलं. माय त्यात नव्हती. सकाळी आपल्याच हातानं बाटली दिलेली तिला आठवली असावी. ती ताडकन उठली. बायांना वाटलं हिला घेरी आली, दोघी धरायला धावल्या. तिनं त्यांचे हात झटकले आणि समोर आमच्या घरात शिरली. माय घामानं चिंब होती, हाक मारली तर भलतंच काही बडबडत होती. सुनेनं डबे पाडून साखर शोधली, मूठभर तिच्या तोंडात कोंबली, वर पाणी पाजलं. माय जराशी डोळे उघडून पाहायला लागली, तेव्हा तिनं कोपऱ्यातला स्टोव्ह ओढला, पेटवला, आणि मळलेल्या पिठाची भाकर थापायला बसली. सासऱ्याचं मयत दारात असताना.

दारात बाया जमल्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "अवो, घरी मयत अन् तू चूल पेटवून राह्यली?"

सुनेनं वर न बघता विचारलं, "मंग आज दोन उचलाच्या का?"

तिनं मायला घास घास करून भाकर चारली, एका बाईला तिच्याजवळ बसवलं, स्टोव्ह विझवला आणि पुन्हा सासऱ्याच्या उशाशी जाऊन बसली.

मी पोहोचले तेव्हा मयत नेऊन माणसं परत आली होती. माय खाटेवर बसलेली, थकलेली, पण माझी माय होती. मी तिला आधी जवळ घेतलं आणि मग पोटभर रागावले. "तुले अक्कल हाये का? मेली असती म्हणजे?" ती म्हणाली, "लोकाच्या दारात मयत, अन् मी कशी जेवू वं?" खरं तर तिच्या जागी मलाही दुसरं सुचलं नसतं.

मग मी समोर गेले. सून भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, हाताला अजून पीठ लागलेलं. मी काय बोलावं ते जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "ताई, उद्यापासून मावशीनं बाटली न्याले आली का इथंच जेवून जायाचं. मी समोर बसवून चारीन." आणि जरा थांबून, "तुमी पैल्या तारखेले जाऊन राह्यल्या म्हणतेत. तोवर तरी."

त्या 'तोवर तरी'त टोमणा नव्हता. असता तर मी तिच्याशी भांडले असते आणि मोकळी झाले असते. ती फक्त दिवस मोजून सांगत होती, इतके दिवस माझ्याकडून होईल, पुढचं तुमचं तुम्ही बघा. गुरुजींचं घर माझ्या डोळ्यांसमोर आलं, मधले दोन मोकळे प्लॉट, वाळलेलं गवत. तिथं कोणी मयताला बसलेलं नसतं, म्हणून मायची चूल पेटली असती, हेही खरं. पण एखाद्या दिवशी दुसऱ्याच कशानं ती खाटेवर पडली असती तर मी परत येईपर्यंत पडूनच राहिली असती. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोनदा केला. तिसऱ्यांदा करायची ताकद नव्हती.

"नाही जात," मी म्हटलं. ती मान हलवून उठली, घरात पाहुणे होते.

आमच्या खोलीत येऊन मी बांधलेल्या बोचक्यांवर बसले. सकाळी ड्रायव्हरला सांगायचं, घर नको. बाहेर नळाला पाणी आलं होतं, बादल्या आदळत होत्या, भिंतीपलीकडे गिरणी सुरू झाली. आणि मला रडू फुटलं, अगदी हमसून. माय खाटेवरून उतरली, धरत धरत माझ्याजवळ आली आणि पाठीवरून हात फिरवायला लागली. "रडू नको वं माय माझी, मी बरी हावो. पाह्य, काही झालं नाही मले." मी तिच्या कुशीत तोंड घातलं. ती सुखरूप होती आणि मी वावर दिसणाऱ्या त्या खिडकीसाठी रडत होते. ते मी तिला सांगितलं नाही.