मास्टरांनी न घेतलेली शिलाई

येरवड्याहून मुद्दाम कॅम्पात मी शर्ट शिवायला जायचो, ते एका शिंप्याकडे. सगळे त्यांना मास्टर म्हणतात. माप ते कधी लिहून घेत नसत. ओठांत टाचणी धरूनच टोमणा मारत, "साहेब, पोट वाढलंय. पगारही वाढला असेल."

मीच त्यांना मोबाइलवर एक ॲप दाखवलं. मध्ये बँक नाही, माणसानं माणसाला थेट कर्ज द्यायचं, व्याज घसघशीत, आणि ब्लॉकचेनवरची नोंद कुणालाच पुसता येत नाही. कर्जदाराच्या नावाच्या जागी नुसते आकडे आणि अक्षरं बघून ते म्हणाले, "नोंद राहील हो. माणूस सापडेल का?" मग स्वतःच म्हणाले, "तुम्ही म्हणताय ना, बास." भरतकामाच्या मशीनसाठी साठवलेले पैसे त्यांनी त्यात घातले.

दोन हप्ते आले आणि थांबले. मास्टर त्या आकड्या-अक्षरांमागच्या माणसाचीच काळजी करायचे. "घरात आजारपण असेल बिचाऱ्याच्या. थांबू थोडं." पुढे ॲपच बंद पडलं.

त्यानंतर शर्ट आणायला गेलो, तर त्यांनी शिलाई घेतली नाही. "राहू द्या. तुमचेही बुडालेत ना?"

मी "हो" म्हणालो. माझा एक रुपयाही त्यात नव्हता. उलट मास्टरांना आणल्याबद्दल मला कमिशन मिळालं होतं.

आता मी पलीकडच्या फुटपाथवरून जातो. त्यांच्यापाशी तासभर बसायची फार ओढ लागते. परवा त्यांनीच हाक मारली, "अहो साहेब, पैशाचं एवढं मनाला लावून घेऊ नका!"

मी हात हलवला आणि चालत राहिलो.